टाकी भरली, वेस बंद: मार्च २०२० मधल्या एका मोटरहोमचे शेवटचे दिवस

कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्यांचे वर्ग घेताना एक प्रश्न हमखास निघतो: अंगणात मोटरहोम उभं करू द्यावं का? २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून तर फारच. ज्याच्याकडे चार गुंठे सपाट जागा आणि एक नळ आहे, त्याला वाटतं की खोल्या न बांधता पाहुणे मिळणार. अशांपुढे मी धोरण ठेवत नाही, हे प्रकरण ठेवतो. ते धोरणाच्या वर्षभर आधीचं आहे. त्यात गाडीतली माणसं, बागेचा मालक आणि गाव, तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि तरीही चार दिवसांत सगळं बिघडलं.

माहिती सगळ्यांकडून घेतली आहे. आधी बागायतदार आणि त्याची बायको, मग पोलीस पाटील, मग गाडीतली लेक आणि जावई, आणि सगळ्यांत शेवटी, फोनवर, चालक. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. देवगड तालुका, समुद्रापासून थोडं आत, खाली हापूसच्या बागा आणि वरच्या अंगाला उघडा कातळसडा, म्हणजे खडकाचं पठार, एवढं पुरे.

गाडी आणि माणसं

कुटुंब पुण्याचं. आजोबा बँकेतून निवृत्त. आजींना मधुमेह, इन्सुलिन चालू. लेक आणि जावई दोघं नोकरीत, नात नऊ वर्षांची. गाडी भाड्याची, मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली. मालकाने सोबत चालक दिलेला, तो सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. पाच जण मागे झोपायचे आणि तो पुढच्या सीटवर.

निघाले १४ मार्चला, शनिवारी. आज ही तारीख ऐकली की वर्गात कुणीतरी कपाळावर हात मारतोच. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच ९ मार्चला सापडले होते. १३ तारखेला साथरोग कायदा लागू झाला आणि त्याच रात्रीपासून पुण्यातली नाट्यगृहं, चित्रपटगृहं, व्यायामशाळा बंद झाल्या. पण त्यांचा हिशेब अगदीच वेडा नव्हता. हॉटेल नाही, रेल्वे नाही, गर्दी नाही. गाडीचे पैसे भरलेले होते आणि नातीला अचानक सुट्टी मिळालेली होती. "आपलं अंथरूण, आपला स्वयंपाक, आपला संडास," असं जावई तेव्हा म्हणाले होते. पहिल्या दोन गोष्टी पूर्ण खऱ्या होत्या. तिसरी अर्धीच.

परत यायचं होतं मंगळवारी, २४ तारखेला. बुधवारी गुढीपाडवा. गुढी घरी उभारायची, हा आजींचा एकमेव हट्ट.

पहिले दिवस छान गेले, त्यात शिकण्यासारखं फार नाही. गणपतीपुळ्याचं देऊळ त्याच आठवड्यात बंद झालं, मुखदर्शनही नाही. मग रत्नागिरी, कशेळी, जैतापूर असं खाली सरकत गेले. दरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला रुग्ण गुहागर तालुक्यात सापडल्याची बातमी आली आणि गाडीत विचार झाला की सिंधुदुर्गात अजून एकही नाही, तिकडेच जाऊ. वाघोटनची खाडी ओलांडली, विजयदुर्ग पाहिला आणि शुक्रवारी, २० तारखेच्या संध्याकाळी, ओळखीच्या बागायतदाराच्या अंगणात गाडी लावली.

ओळख म्हणजे आंब्याच्या पेटीची. आजोबा दर वर्षी त्याच्याकडून पेट्या मागवायचे. कधी भेट नव्हती, पण पैसे वेळेवर आणि तक्रार कधी नाही. कोकणात ही ओळख कमी नसते. शहरातल्या माणसाला ती किती मोठी आहे हे कळत नाही, आणि ह्या प्रकरणात ते उशिरा कळलं.

शुक्रवारचा निर्णय

त्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर ३१ मार्चपर्यंत बंद केल्याचं जाहीर केलं. किराणा, दूध, औषधं सोडून सगळं बंद. गाडीत चर्चा झाली आणि सरळ निष्कर्ष निघाला: पुणंच बंद आहे तर घाईने जाऊन करायचं काय? इथे झाडं आहेत, हवा आहे, माणसं लांब लांब आहेत. ठरल्याप्रमाणे मंगळवारीच निघू.

मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? निम्म्याहून जास्त लोक म्हणतात, थांबलो असतो. मीही त्यांना चूक म्हणत नाही. फक्त एवढंच दाखवतो की हा निर्णय घेताना त्यांनी पुण्याची बातमी पाहिली, ज्या गावात उभे होते त्या गावाची नाही. त्या दोन दिवसांत वाडीवर मुंबईहून माणसं उतरत होती. शिमग्याला आलेले काही अजून गेलेच नव्हते, त्यात हे नवे. प्रत्येक घरात हळू आवाजात एकच बोलणं चाललं होतं, कोण कुठून आलं. सरकारचा आदेश पोहोचायच्या आधी कोकणातल्या कितीतरी गावांनी आपल्या वेशी स्वतःच बंद करायला घेतल्या होत्या. मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्याला हे दिसत नाही. दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तर दिसतं, पण संसर्ग नको म्हणून हे कुटुंब दुकानात जातच नव्हतं.

टाक्यांचा हिशेब

आता थोडा रुक्ष भाग, पण प्रकरण इथेच आहे.

गाडीच्या स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे १२० लिटरची. सहा माणसं, जपून वापरलं तरी माणशी २० लिटर. म्हणजे टाकी एका दिवसाची. रोज भरावी लागणार. मार्चचा शेवट, फाल्गुन सरत आलेला, देवगडकडच्या विहिरी तळाकडे निघालेल्या. बागायतदाराची विहीर बागेला आणि घराला मिळून जेमतेम पुरत होती. तो काही बोलला नाही, पण त्याची बायको सकाळी पंप किती वेळ चालतोय ते मोजत होती.

संडास कॅसेटचा, म्हणजे बसायच्या भांड्याखाली साधारण २० लिटरची सरकवता येणारी टाकी. सहा माणसांना ती फार तर दीड दिवस पुरते. ती रिकामी कुठे करायची? प्रवासात पेट्रोल पंपावर, धाब्यावर, कुठल्या तरी निवासात चालकाने ते काम उरकलं होतं. कुटुंबातल्या कुणी कधी विचारलंही नव्हतं. इथे त्याने पहाटे उठून बागायतदाराच्या संडासात ओतलं. शनिवारी एकदा, रविवारी एकदा.

त्या कॅसेटमध्ये वास मारायला एक निळं रसायन घालतात. ते जिवाणू मारतं, म्हणूनच वास येत नाही. पण सेप्टिक टाकी चालते ती जिवाणूंवरच. बागायतदाराच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, रविवारी सकाळी निळसर पाणी पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या निळ्या पाण्यान आमची टाकी मेली तर पावसात काय करूचा?" शहाणा प्रश्न आहे. दोन कॅसेटनी मोठी टाकी मरत नाही, पण त्यांना ते सांगायला कुणी नव्हतं, आणि मुळात त्यांना विचारलंच नव्हतं.

भांडी आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत जायचं. ती भरली की खालची तोटी उघडून आंब्याच्या बुंध्याशी सोडायची. झाडाला पाणी मिळतं, असा जावयांचा समज. साबणाचं पाणी, त्यात जांभा दगड. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र असतो, वर सोडलेलं खाली झिरपतं आणि उतारावर शेजाऱ्याची विहीर असते. साथ नसती तरी ह्यावरून भांडण झालं असतं. साथ असताना त्या पाण्याकडे लोक कसे बघत होते, याची कल्पना करा.

विजेची गंमत वेगळीच. गाडीच्या घरातली बॅटरी १२ व्होल्टची, १०० ॲम्पिअर-तासांची. असली साधी बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी साधारण ६०० वॅट-तास. छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, फोन. रात्र निघते, दुसरी निघत नाही. छतावर सौर पॅनेल होतं, पण गाडी सावलीसाठी आंब्याखाली लावलेली. सावलीत माणसं गार आणि पॅनेल मेलेलं. म्हणून पडवीतून वायर ओढली. आणि त्या भागात वीज जाते. रविवारी दुपारी गेली ती रात्री आली, आणि फ्रिजमध्ये आजींची इन्सुलिन होती.

गाडी स्वयंपूर्ण म्हणून घेतली होती. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या विहिरीवर, दुसऱ्याच्या वायरीवर आणि दुसऱ्याच्या खड्ड्यावर चालत होती. एरवी हे उसनं इतकं सहज मिळतं की ते उसनं आहे हेच लक्षात येत नाही.

रविवार

२२ तारखेला जनता कर्फ्यू, सकाळी ७ ते रात्री ९. रेल्वेगाड्याही त्याच दिवसापासून बंद. पाच वाजता वाडीत थाळ्या वाजल्या. गाडीच्या पायरीवर उभं राहून नातीनेही पातेलं बडवलं, आजोबांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस पाटील मला हसत म्हणाले, आवाजावरूनच कळलं की पातेलं पुण्याचं आहे. विनोद सोडला तरी खरी गोष्ट अशी की त्या संध्याकाळी प्रत्येक वाडीत कुणाच्या दारात किती माणसं उभी आहेत ते मोजलं गेलं. बागेतली मोठी पांढरी गाडी तोवर "कुणाचे तरी पाहुणे" होती. त्या रात्री ती पहिल्या क्रमांकाचा विषय झाली.

सोमवार, सकाळ आणि रात्र

सकाळी सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई आले. तोंडाला रुमाल, अंगणाच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर उभे. आशाताईंनी नावं, वयं आणि पुण्यातून निघाल्याची तारीख लिहून घेतली. ताप, खोकला कुणालाच नव्हता. आजोबा जरा ताठ्यात बोलले की आम्ही स्वतःच्या गाडीत आहोत, गावाशी आमचा संबंध येत नाही. त्यावर पाटील म्हणाले, "काका, आमी तुमका हाकलूक इलंव नाय. तुमचा पाणी खंय जाता, ता बघूक इलंव."

त्यांनी बुंध्याशी साचलेलं पाणी पाहिलं. निळ्या पाण्याची गोष्ट वहिनींनी सांगितली की नाही, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही.

सरपंचांचा मुद्दा पाण्याचा नव्हता. त्या म्हणाल्या, "आज तुमका ऱ्हवाक दिला, तर उद्या मुंबयसून आमचीच पोरा येतली. तेंका वेशीवर अडवून काय सांगतलंव?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हे. शहरातल्या श्रोत्यांना मी जेव्हा ही हकीकत सांगतो, तेव्हा ते गावाला निर्दय ठरवून मोकळे होतात. पण त्या आठवड्यात गावापुढे खरा पेच परक्या पुणेकरांचा नव्हता, स्वतःच्या लेकरांचा होता. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत अडकलेला भाऊ फोन करत होता आणि गाव त्याला "येऊ नको" म्हणायच्या तयारीत होतं. अशा वेळी पुण्याहून सहलीला आलेली गाडी बागेत उभी ठेवणं सरपंचाला परवडणारं नव्हतं.

तरीही त्यांनी लगेच जा म्हटलं नाही. संध्याकाळी बैठक घेऊन कळवतो, तोवर पाणी बाहेर सोडू नका, असं सांगून गेले. बागायतदार मला म्हणाला की त्याने मनात ठरवलं होतं, गाडी वरच्या सड्यावर न्यायची, पाणी आपण द्यायचं, गावाची मान्यता मिळवायची. पण त्याच्या डोक्यात त्या दिवशी आंबा होता. आदल्या वर्षीचा लांबलेला पाऊस आणि वादळांमुळे मोहोर उशिरा, त्यामुळे माल उशिरा. आणि आता वाशीचा बाजार चालू राहणार की बंद, याची दर तासाला वेगळी बातमी. आपला बेत तो कुटुंबाला रात्री सांगणार होता.

रात्र झाली त्याआधी मुख्यमंत्र्यांनी राज्यभर संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करत असल्याचं सांगितलं. जिथे विषाणू पोहोचला नाही तिथे तो पोहोचू नये, हे कारण. गाडीत एकदम घाबरगुंडी उडाली. चार गोष्टी एकदम आल्या. जावयांच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला निरोप, की अंमल कडक व्हायच्या आत सीमा पार करा, नंतर कुणी सोडणार नाही. गाडीच्या मालकाचा फोन, की गाडी उद्या पुण्यात हवी, पुढचं भाडं कोण देणार ते बोलून घ्या. करारात अशा परिस्थितीबद्दल एक ओळ नव्हती. तिसरी इन्सुलिनची भीती: आदल्या दुपारी फ्रिज बंद होता, औषध खराब झालं असेल, इथे मिळेल का? आणि चौथी, जी लेकीने बऱ्याच उशिरा कबूल केली, ती म्हणजे लाज. सकाळी गडग्याबाहेर उभं राहून आपली नावं लिहून घेतली गेली, याची.

इन्सुलिनबद्दल थोडं सांगतो, कारण निर्णय तिने ढकलला. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. पण वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं. काही तास फ्रिज बंद पडला म्हणून न उघडलेली पेनंही लगेच वाया जात नाहीत. मातीचं मडकं, भोवती ओलं फडकं, सावली, एवढ्यावर कोकणातल्या मार्चमध्ये भागलं असतं. वहिनींच्या घरी फ्रिजही होता, पंचवीस पावलांवर. आजींच्या डॉक्टरांना एक फोन केला असता तर रात्रीची निम्मी घबराट उतरली असती. पण रात्री साडेदहाला डॉक्टरांना कसा फोन करायचा, असा पुणेरी संकोच.

नकाशा पाहिला तर देवगडहून पुण्याला जायचं म्हणजे सिंधुदुर्गातून कोल्हापूर, मग महामार्गावर सांगलीचा तुकडा, मग सातारा, मग पुणे. चार सीमा. त्यातली पहिलीच घाटात. जावयांनी हे मोजलं होतं का, मी विचारलं. मोजलं होतं, पण सरकारी आदेश खाली पोहोचायला एक दिवस लागतो असं त्यांना वाटलं. एरवी लागतोच. त्या वेळी लागला नाही.

चालकाला कुणी विचारलं नाही. त्याच्या तोंडचं वाक्य: "मलापण पाडव्याला घरी जायचं होतं. पण विचारलं असतं तर बोललो असतो, टाकी रिकामी करू, उजेड पडू द्या, पाटलाकडनं कागद घेऊ, मग निघू." रात्रीचं उतरणं-चढणं, वर चार टनांच्या आसपास वजन, आणि घाटात समोरून ट्रक. तो हे सगळं ओळखून होता. निर्णय मात्र मागच्या खोलीत झाला.

मंगळवार

पहाटे चार वाजता, दिवे न लावता, गाडी बागेतून निघाली. यजमानांना उठवलं नाही. झोपमोड नको, असं लेक म्हणते. कॅसेट भरलेली होती. पाण्याची टाकी पाव.

तळेरे, वैभववाडी, करूळ घाटाचा पायथा. नाकाबंदी. पोलिसांनी शांतपणे सांगितलं की वर कोल्हापूर जिल्हा घेत नाही, आम्ही सोडून उपयोग नाही, मध्ये घाटात अडकाल. आजींच्या औषधाची चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, दवाखान्यात जायचं असेल तर कणकवलीला जा, सोडतो. ह्यांच्या डोळ्यांसमोर आंब्याच्या क्रेटचा टेम्पो पुढे गेला. मालाला वाट होती, माणसांना नव्हती. जावई त्यावरून अजूनही चिडून बोलतात. मला पोलिसांचं वागणं चोख वाटतं.

परत फिरून नांदगावमार्गे फोंडा घाटाकडे. तिथेही तेच, फक्त आवाज चढलेला. मग दुपार. उघडं हॉटेल नाही, पेट्रोल पंपावर डिझेल मिळालं पण संडासाला कुलूप. कॅसेटमधून वास येऊ लागला, सील गळायला लागलं. ती शेवटी कुठे रिकामी झाली, हे मला तिघांनी तीन प्रकारे सांगितलं.

एका वस्तीजवळ सावलीत थांबले तर दहा मिनिटांत चार माणसं आली आणि नंबर लिहून घेतला. पुढच्या ठिकाणी तेच. काल अंगणात उभी असताना ह्या गाडीला एक यजमान होता, त्यामुळे गावाला बोलायला एक माणूस होता. आज ती रस्त्यावर होती आणि तिच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं. पुण्याची पाटी, पडदे ओढलेले, आत म्हातारी माणसं. कुणीही वाईट वागलं नाही. फक्त कुणीही थांबू दिलं नाही.

तीनच्या सुमाराला लेकीने बागायतदाराला फोन केला. तो पहाटेपासून चिडलेला. पाटील सकाळी त्यालाच विचारायला आले होते, गाडी कुठे गेली, कुणाच्या परवानगीने गेली. फोनवर तो पहिलं वाक्य एवढंच बोलला: "जाताना एक हाक तरी मारूची होती!" मग फोन ठेवला. वीस मिनिटांनी त्यानेच परत केला.

त्या मधल्या वेळात त्याने सरपंचांना गाठलं होतं. गावाच्या तोंडावर सकाळीच बांबू आडवा पडला होता. अटी फोनवरच ठरल्या, आणि त्या इतक्या नेमक्या होत्या की मी त्या वर्गात जशाच्या तशा वाचून दाखवतो. गाडी बागेत नाही, वरच्या सड्यावर. चौदा दिवस कुणी खाली उतरायचं नाही. रोज एक मोठं पिंप पाणी बागायतदार आपल्या जबाबदारीवर पोहोचवेल. संडासासाठी खड्डा स्वतः खणायचा, आशाताई दाखवतील तिथे, आणि निळं औषध एक थेंबही नाही. दर वेळी वर राख-माती. सामानाची यादी फोनवर, पैसे नंतर. आशाताई रोज येऊन तब्येत विचारतील, खोटं बोलायचं नाही. आणि चालकाचं नाव यादीत वेगळं लिहायचं, "आणि एक" असं नाही. ही शेवटची अट पाटलांची.

गाडी सहाच्या सुमाराला सड्यावर चढली. खड्डा खणायला जावई आणि चालक. कातळात पहार लागत नाही, माती साठलेली एक खोलगट जागा शोधावी लागली. आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण फोनवर ऐकलं: मध्यरात्रीपासून देशभर एकवीस दिवस. चौदाची अट काही तासांतच लहान वाटायला लागली. सहल अधिकृतपणे त्या दिवशी संपणार होती, आणि एका अर्थाने संपलीच.

सड्यावर आणि नंतर

सड्यावर सगळं उलटं झालं. पॅनेलला दिवसभर ऊन, बॅटरी भरलेली, फ्रिज चालू. पण पत्र्याची गाडी, खाली तापलेला कातळ, झाड एकही नाही. दुपारी आत बसवत नसे. तिसऱ्या दिवशी बागायतदाराने नारळाच्या पात्यांची विणलेली झापं आणि चार वासे पाठवले, गाडीला लागून मांडव उभा राहिला आणि सगळे दिवसभर त्याखाली. इन्सुलिन वहिनींच्या फ्रिजमध्ये गेली. रोजच्या वापरातलं पेन मडक्यात. पाडव्याच्या सकाळी वासे यायचे होते, म्हणून गुढी चालकाने पहारीवरच उभारली. आजींना ते पटलं नाही, पण चाललं.

७ एप्रिलला चौदा दिवस संपले, सगळे ठणठणीत. मग कुटुंब बागेतल्या मांगरात, म्हणजे झोपडीवजा घरात, राहायला आलं आणि गाडी रिकामी करून झाकून ठेवली. वाशीची अनिश्चितता होतीच, तेव्हा लेकीने पुण्यातल्या आपल्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गटांत बागायतदाराच्या पेट्यांची मागणी घेतली. त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी असाच थेट माल विकला. त्याचा बराच माल असा गेला आणि दलालाशिवाय गेला. गावात त्यामुळे पुणेकरांबद्दलचं मत किती बदललं, यावर पाटील सावधपणे बोलतात: "बागवाल्याचा बदलला."

मे महिन्यात अडकलेल्यांना जाऊ द्यायला सुरुवात झाली. डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज, पासवर सहा नावं आणि गाडीचा नंबर. करूळ घाटातूनच गेले, दुपारी, टाक्या रिकाम्या करून.

बागायतदार आज मोटरहोम अंगणात उभं करू देतो, पण एका वेळी एकच. विहिरीपासून लांब, उताराच्या पलीकडे त्याने वेगळा खड्डा बांधला आहे, त्यात निळं रसायन चालत नाही हे तो फोनवर आरक्षण घेतानाच सांगतो. भांड्यांचं पाणी एका पिंपात. पाण्याचे वेगळे पैसे. गाडी आली त्याच दिवशी नावं पोलीस पाटलांकडे. चालकाला पडवीत खाट, हा त्याचा नियम आहे, भाड्यात धरलेला. कॅराव्हॅन पार्क म्हणून मोठं काही करायचा सल्ला त्याला बऱ्याच जणांनी दिला. विहीर मार्चमध्ये किती उतरते ते बघून त्याने नको म्हटलं. मला ते पटतं. वर्गातल्या तरुणांना पटत नाही.

वर्गात सगळ्यात जास्त वाद मात्र ह्यातल्या कशावरच होत नाही. होतो तो चालकाच्या पगारावर. गाडीचा मालक म्हणाला, गाडी २४ तारखेनंतर भाड्यावर नव्हती, तेव्हा त्याचाही पगार नाही. कुटुंबाने २४ मार्चपासून मेपर्यंतच्या दिवसांचे अर्धे पैसे दिले आणि आपल्या बाजूने विषय मिटवला. बागायतदाराने त्याला पेट्या भरण्याची मजुरी दिली, ती त्याने मागितली नव्हती. निघायचं ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही, आणि खर्च वाटताना तो सगळ्यांच्या यादीत शेवटी. काही जण म्हणतात अर्धे तरी दिले ना. काही म्हणतात मालकाने द्यायला हवे होते. मी मालकाच्या आणि कुटुंबाच्या, दोघांच्याही विरुद्ध आहे, आणि ते मी लपवत नाही.

पुण्यात गाडी सोडून तो गावी पोहोचला तेव्हा सोलापूर जिल्ह्यात रुग्ण वाढत होते. गावाच्या वेशीवर त्याला अडवलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. गाडीतल्या सहांपैकी गावाने दोनदा वेगळं ठेवलेला तो एकटाच.